जंतूला विचारणारे खिल्लारे

माझं मेडिकल आणि खिल्लारेंची लॅब यांच्यात फक्त रस्ता होता. वारंगा फाट्यावरून आत आलं की आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यातली माणसं अजून माझ्या दुकानात येतात. रस्त्याच्या एका अंगाला सरकारी दवाखाना, दुसऱ्या अंगाला मी. दवाखान्याच्या लॅबची खिडकी बरोबर माझ्या काउंटरसमोर यायची. तेरा वर्षं मी त्या खिडकीत एक उंच, किडकिडीत, कायम उभा असलेला माणूस पाहिला. खोलीत स्टूल होतं, पण त्याच्यावर रजिस्टर ठेवलेलं असायचं.

खिल्लारे लॅब टेक्निशियन. रक्त, थुंकी, लघवी तपासायची आणि कागदावर लिहून डॉक्टरकडं धाडायची, एवढं त्यांचं काम. गाव त्यांना मामा म्हणायचं. टारगट पोरं पाठीमागून ‘मुतवाले मामा’ म्हणायची. ते कानावर आलं की खिल्लारे म्हणायचे, "म्हनू द्या की. म्या आमदाराचं बी पाह्यलं आन् हमालाचं बी. पिवळंच आसतं." हे सांगताना चेहरा इतका गंभीर, की हसावं की नाही हेच समोरच्याला कळायचं नाही.

हात कोपरापर्यंत धुवायचे, दिवसातून पंधरा-वीस वेळा. त्यामुळं मनगटापासून पुढची कातडी पांढरट पडली होती. चहा लॅबमध्ये कधी घेतला नाही. रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर यायचे आणि उभ्यानंच प्यायचे. पिता पिता त्यांची नजर माझ्या रॅकवर फिरायची, आणि ती फिरली की मला उगाचच कानकोंडं व्हायचं.

कुणी आजारी दिसलं की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "शेवटची गोळी कवा घेतली?" लग्नाच्या पंगतीत शेजारचा शिंकला तरी हाच प्रश्न. त्यामागं कारण होतं. अंगात औषध असताना नमुना घेतला तर त्यात जंतू धड वाढत नाहीत आणि तपासणी फसते. म्हणून नमुना आधी, गोळी नंतर, हा त्यांचा हट्ट. आणि आमच्याकडची रीत बरोबर उलटी. माणूस आधी मेडिकलवर येतो, दोन दिवसांच्या गोळ्या घेतो, त्यानं नाही भागलं तर मोठ्या गोळ्या घेतो, आणि अगदीच उठवेना झालं की दवाखान्यात जातो. पट्टी कात्रीनं कापून चार-चार गोळ्या देणारा मी. माझा संसार त्या कात्रीवर चालला आहे, खोटं कशाला बोलू?

"शेठ," ते मला म्हणायचे, "तुमी अंदाजानं देता, डॉक्टर बी अंदाजानंच देतेत. मला नका इचारू, डॉक्टरला नका इचारू. जंतूला इचारा, तुला काय लागू पडतं म्हून."

आता जंतूला विचारायचं म्हणजे तेव्हा नमुना नांदेडला धाडायचा. तिथं तो वाढवायचे, त्याच्यावर निरनिराळी औषधं टाकून बघायचे, आणि तीन-चार दिवसांनी कागद यायचा. तोवर रोगी बरा तरी झालेला असायचा नाहीतर हाताबाहेर गेलेला. एकदा वसमतकडच्या एका हळद-मजुराचा कागद आला तो त्याच्या दहाव्याच्या दिवशी. दुसऱ्या कुणी तो फायलीला लावून टाकला असता. खिल्लारे तो कागद घेऊन त्याच्या घरी गेले. मयताचा भाऊ चिडून म्हणाला, "आता ह्याचं काय करू, मामा? पाण्यात भिजवून पिऊ?" खिल्लारे म्हणाले, "काही करू नका. त्याला कोन्तं औषध लागू व्हतं ते तुमाला कळाया पाह्यजे. तुमचा मानूस व्हता." परत आल्यावर हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. मी म्हणालो, काय गरज होती, त्यांच्या दुःखावर डागण्या कशाला. ते उठले, चहा तसाच ठेवून गेले.

मग ती पेटी आली. कुठल्याशा संस्थेनं एक वर्ष वापरून बघायला दिलेली. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी, बॅटरीवर चालणारी. तिच्यात प्लास्टिकची एक पट्टी सरकवायची. पट्टीला बारीक बारीक खळगे, आणि प्रत्येक खळग्यात वेगळं औषध. नमुन्याचे थेंब त्यात सोडायचे. ज्या खळग्यात जंतूंची वाढ थांबली ते औषध लागू, आणि पडद्यावर त्याचं नाव उमटायचं. चार दिवसांचं काम सकाळी टाकलं तर दुपारच्या जेवणाच्या आत व्हायला लागलं.

त्या वर्षी खिल्लारेंचं वय दहा वर्षांनी कमी झालं. उन्हाळ्यात पेटी तापू नये म्हणून ते लॅबच्या खिडकीला ओलं पोतं बांधायचे आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायचे. दर गुरुवारी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटी पोटाशी बांधायचे आणि मोटारसायकलवर तांडे, वाड्या फिरून यायचे. सिद्धेश्वर धरणाकडं त्यांचं मूळ गाव. तिकडं गेले तर घरी पाणीसुद्धा न पिता परत यायचे. पेटी उन्हात राहील म्हणून.

जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी माझं जुनं गिऱ्हाईक होती. हातभर बांगड्या, कपाळावर गोंदण. तांड्यावर तिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे आई. तिला दर महिन्या-दीड महिन्यानं लघवीला जळजळ व्हायची आणि दर वेळी ती माझ्याकडून लाल-काळी कॅप्सूल न्यायची. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. एक दिवस खिल्लारे माझ्या पायरीवर चहा पीत असताना ती आली.

"याडी, गोळी मंग घेजो. आधी ह्या डबीत लघवी आनून दे."

"मूत कायला मागतो रे? गोळी दे म्हनलं न त्याला."

"तुझ्या मुतातल्या जंतूला इचारायचं हाय, तो कायनं मरतो ते."

"मेल्या, तो सांगंल व्हय तुला, मला ह्यानं मारा म्हून?"

माझ्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. खिल्लारेही हसले, पण डबी काही मागं घेतली नाही. शेवटी म्हातारी शिव्या देत गेली आणि डबी भरून आणली. दुपारी पेटीनं सांगितलं, की लाल-काळ्या कॅप्सूलला हा जंतू मुळीच जुमानत नाही. लागू पडते ती एक जुनी, स्वस्त, पिवळी कॅप्सूल. माझ्याकडं ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली. आठ दिवसांत म्हातारी खडखडीत बरी झाली. मग मुद्दाम लॅबमध्ये येऊन तिनं पेटीवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना हसून सांगतो. पुढची कमी सांगतो.

म्हातारी बरी झाली ते सगळ्या तांड्यानं पाहिलं. लोक येऊन ‘याडीची पिवळी’ मागायला लागले. मीही द्यायला लागलो. पेटीनं एका म्हातारीच्या जंतूबद्दल दिलेलं उत्तर मी साऱ्या पंचक्रोशीला वाटत सुटलो. ती कॅप्सूल फक्त लघवीत उतरते, मूत्रपिंडात दुखणं गेलं असेल तर तिथवर तिचा जोर पोचत नाही, हे मी शिकलेलो होतो. शिकलेलं सगळं काउंटरमागं आठवतंच असं नाही.

हळदी शिजवायचे दिवस होते. म्हातारीची सून सकाळीच दुकानात आली. औषध तिच्या सुनेसाठी हवं होतं. ती सविता, म्हणजे याडीची नातसून, सात महिन्यांची पोटुशी. ताप, थंडी वाजते, कंबर दुखते, लघवीला जळजळ. "म्हातारीला दिलती ती पिवळी द्या," म्हणाली. मी सकाळ-संध्याकाळच्या दोन दिल्या, सोबत तापाची गोळी. आणि वर एक वाक्य बोललो, जे मला जन्मभर पुरणार आहे. म्हणालो, "दवाखान्यात जायची पाळी आली तर खिल्लारेंना ह्यातलं सांगू नका, उगं बोलत बसतात."

दुसऱ्या दिवशी पाळी आली. सविताला हुडहुडी भरून रिक्षातून आणलं. खिल्लारेंनी नमुना घेतला, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि सवितानं मान हलवली, गोळी नाही घेतली म्हणून. पेटीनं दुपारी उत्तर दिलं, वाढ नाही. माझ्या पिवळ्या कॅप्सूलनं लघवीपुरतं जंतूला दाबून टाकलं होतं, आत मूत्रपिंडात तो तसाच होता. पेटी मुकी झाल्यावर डॉक्टरांनी नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं. दुसरं काय करणार? ते अंदाजानं दिलेलं इंजेक्शन त्या जंतूला लागूच नव्हतं, हे कळायला दीड दिवस गेला.

तो दीड दिवस खिल्लारे अस्वस्थ होते. मला खिडकीतून दिसत होतं. तीच काच सूक्ष्मदर्शकाखाली घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. सविताला आणल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले. चहाची वेळ नव्हती.

"शेठ, सविताला तुमी काही दिलं व्हतं का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "ताप उतरायची गोळी दिली फक्त."

ते हलले नाहीत. "लघवीत पू भरून हाय आन् जंतू एक न्हाई, आसं व्हत न्हाई. त्या लेकीचा ताप उतरून नाही राहिला. अजून काय दिलं?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी सविता नव्हती. लायसन्स होतं, दुकानाची पाटी होती. पण ते ज्या तऱ्हेनं उभे होते त्यापुढं मला खोटं रेटता आलं नाही. मी सांगितलं. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या, किती आणि कवा. मी म्हणालो, "खिल्लारे, माझं चुकलं." ते म्हणाले, "ते मंग," आणि रस्ता ओलांडून गेले.

गोळीचा असर एव्हाना सरला होता. त्यांनी ताजा नमुना घेऊन पेटीत टाकला. या खेपेला जंतू वाढले आणि कोणतं इंजेक्शन चालेल तेही पडद्यावर उमटलं. ते आमच्या दवाखान्यात नव्हतं. माझ्याकडं कुठून असणार! सविताला ॲम्ब्युलन्समध्ये घालून नांदेडला पाठवलं आणि तो कागद खिल्लारेंनी तिच्या नवऱ्याच्या खिशात घालून वर बटण लावलं. म्हणाले, "गेल्या गेल्या हे दाखव. दुसरं काही बोलू नको, आधी हे दाखव." त्या कागदामुळं तिथं चाचपडणं झालं नाही. सविता वाचली. पोटातलं लेकरू आदल्या रात्रीच गेलं होतं. मुलगी होती.

मला वाटलं, खिल्लारे आता तक्रार करतील. आठ दिवस मी शटर वर करताना दवाखान्याकडं पाहत नव्हतो. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, नमुन्याआधी औषध घेतलेले होते, पहिला निकाल ग्राह्य नाही. माझं नाव लिहिलं नाही. चहाला मात्र आले नाहीत.

महिन्याभरानं एका दुपारी त्यांनी खिडकीतून मला हात केला. मी गेलो. आत सविता उभी होती, एकटी, वाळून गेलेली. जेमतेम वीसची पोर. ती खिल्लारेंना विचारायला आली होती.

"मामा, माझं लेकरू काहून गेलं? घरी म्हंतेत, मी हळदीच्या कढईपाशी बसले, आच लागली, म्हून गेलं. सासू माझ्यासंगं बोलत न्हाई. माहेरी धाडतो म्हंतेत."

खिल्लारे म्हणाले, "कढईनं न्हाई गेलं, बाई. तुझ्या अंगात जंतू व्हता. त्याचं औषध आमाला येळेवर सापडलं न्हाई. तुझा काही गुन्हा न्हाई." मग अगदी हळू आवाजात, "म्या तुला इचारलं व्हतं न, गोळी घेतली का? न्हाई काहून म्हनलीस?"

सविता खाली बघत म्हणाली, "सासू समोर व्हत्या. त्याइनी सांगितलं व्हतं, बोलू नको म्हून."

खिल्लारेंनी स्टुलावरचं रजिस्टर उचललं, खाली ठेवलं आणि ते स्टुलावर बसले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तीस वर्षं झाली इचारून राहिलो. सासूसमोर सुनंला इचारतो आन् खरं सांग म्हंतो. आसं कोन सांगन?" मला वाटलं होतं ते मला बोलतील. त्यांना स्वतःचीच चूक सापडली होती.

त्या रविवारी त्यांनी मला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि तांड्यावर नेलं. मला जायचं नव्हतं, हे कबूल करतो. त्यांनी तांड्याच्या नायकाला सांगून चार माणसं बसवली होती. सविताचा नवरा, सासू, म्हातारी याडी, सगळे होते. सविता दाराच्या आत.

खिल्लारे उभे राहून म्हणाले, "लेकरू गेलं त्यात ह्या पोरीची काही चूक न्हाई. कढईचं बी काही न्हाई. चूक दोघांची. एक माझी. म्या इचारायला पाह्यजे तसं इचारलं न्हाई. दुसरी हे सांगतेन."

आणि ते थांबले. मी उठून सांगितलं. पिवळी मी दिली, तपासल्याशिवाय दिली, आणि मामांना सांगू नका असंही मीच म्हणालो होतो. कुणी अंगावर आलं नाही. त्यानं मला जास्त लाज वाटली. सविताच्या नवऱ्यानं एवढंच विचारलं, "मंग पहिल्याच दिशी कळलं आसतं तर लेकरू वाचलं आसतं का?"

दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता, नाहीतर नाही म्हणून मोकळा झाला असता. खिल्लारे म्हणाले, "ते मला सांगता येत न्हाई, भाऊ. दीड दिस वाचला आसता. एवढं नक्की."

सासू तोंडाला पदर लावून रडत होती. म्हातारी उठली, आत गेली आणि सविताला हाताला धरून बाहेर आणून आपल्या शेजारी बसवलं. माहेरी धाडायची गोष्ट तिथं संपली. दुसऱ्या दिवशी खिल्लारे चहाला आले.

वर्ष संपलं आणि पेटी परत गेली. पुन्हा मिळेल असं सगळे सांगतात, अजून मिळालेली नाही. निवृत्तीला चार महिने उरले असताना खिल्लारेंच्या छातीत कळ आली आणि ते गेले. नांदेडलासुद्धा न्यायला मिळालं नाही. मी त्यांच्या गावी मातीला गेलो होतो. पण खिल्लारे म्हटलं की मला ते तिथले आठवत नाहीत.

मला ते आठवतात पेटी जायच्या आदल्या आठवड्यातले. दुपारची वेळ. एक नवी नवरी आणि तिची सासू दवाखान्यात आल्या होत्या. खिल्लारे स्वतः बाहेर आले, सासूला हात जोडले, लिंबाच्या सावलीत बाकड्यावर बसवलं, प्यायला पाणी दिलं, आणि पोरीला आत नेऊन दार लावून घेतलं. मला खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. पोरगी स्टुलावर अंग चोरून बसली होती. हा एवढा उंच माणूस तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला, तिला मान वर करावी लागू नये म्हणून. त्यांनी काहीतरी विचारलं. पोरीनं दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. मग ती बोलली. खिल्लारेंनी लिहून घेतलं आणि पेन खिशाला लावला. पण ती थांबली नाही, बोलतच राहिली. डोळे पुसायची, बोलायची. ते मान खाली घालून ऐकत होते.

माझ्या काउंटरवर एक बाई उभी होती. लघवीला जळजळतंय, गोळी द्या म्हणत होती. मी तिला म्हणालो, "समोर जा, मामांकडं. पन जरा थांबा. ती पोरगी बाहेर येऊ द्या."